डोळ्यातली खिडकी

माधवनगरात ज्या घरांच्या भिंतींवर हार घातलेले फोटो आहेत, त्यांतल्या बहुतेक घरांतली गेलेली माणसे एकाच दिशेला बघतात. घरच्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण प्रत्येकाला भिंतीवर आपलेच माणूस दिसते. सुंदरीअक्कांच्या मात्र ते लक्षात येते. कुणाच्या उपवासाचे पारणे असो की कुणाचे बारसे, त्या पाटावर टेकल्या की नजर आपोआप भिंतीकडे जाते आणि ओळख पटते. ती ओळख माणसाशी नसते, डोळ्यांतल्या टिंबाशी असते. काळ्या बुबुळात डावीकडे, जरा वरच्या अंगाला, कणीएवढे पांढरे टिंब. ते सुंदरीअक्कांच्या हातचे.

मॅट्रिक झाल्यावर घरात बसून राहण्यापेक्षा हाताला काही असावे, म्हणून वडिलांनी त्यांना रायगोंडा मास्तरांच्या स्टुडिओत आणून सोडले होते. वडील गिरणीत होते आणि गिरणी तेव्हाच अडखळू लागली होती. मास्तरांना टचिंगसाठी बारीक हाताचे माणूस हवे होते. काचेची उतरती पाटी, तिच्याखाली दिवा, वर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखी टोकदार शिसपेन्सिल. देवीचे व्रण पुसायचे, डोळ्यांखालची काजळी उजळायची. निगेटिव्हवर काळे द्यावे तेव्हा कागदावर पांढरे उमटे. या उलट्या जगात सुंदरीअक्का चटकन रुळल्या. मग मास्तरांनी त्यांना डोळा शिकवला.

“डोळ्यात खिडकी ठेवायची, बाय,” मास्तर म्हणाले होते. “स्टुडिओतला उजेड सगळा दिव्याचा. त्यात घर कुठलं आलं? एक टिंब दे, डावीकडं, वर. बघणाऱ्याला वाटतं, मानूस घरात बसलाय, समोर खिडकी हाय.”

पुढे मास्तर गेले, स्टुडिओ मिटला आणि अक्का कुपवाडला भरतेशच्या कलर लॅबमध्ये आल्या. पेन्सिल गेली, माऊस आला. टिंब तेवढे राहिले.

लॅबमध्ये त्यांच्याकडे मुख्य काम होते ते ‘उभे करण्याचे’. लग्नाच्या अल्बमात शेवटच्या पानावर सगळ्या घराचा एक मोठा फोटो असतो. त्या फोटोत घरातले गेलेले माणूस नसले, तर पाहणाऱ्याला रिकामे रिकामे वाटते. मग जुना एखादा फोटो येतो, कधी रेशनकार्डावरचा, कधी जत्रेत काढलेला, आणि अक्का त्या माणसाला त्याच्या घरच्यांमध्ये उभे करतात. फेटा बांधतात, अंगात कोट घालतात, पायाखाली सावली देतात.

“अक्का, आमच्या अण्णांस्नी जरा हसवा की,” एकजण सांगत होता.

“हसलेला फोटू हाय का कुठं?”

“न्हाई वो. जल्मात हसलं न्हाईत ते.”

“मग तुमच्या लग्नात तरी कशाला हसतील?”

सगळी लॅब हसली होती. अशा वेळी अक्कांना बरे वाटे. दिवसभरात त्यांचे नाव मोठ्याने घेतले जाई ते फक्त तिथे. घरी नाव घ्यायला कुणी नव्हते. लग्न जमता जमता राहिले. मग वडिलांचे आजारपण आले, मग आईचे. भाऊ सन्मती पुण्यात स्थायिक झाला. आई, गुणमालाबाई, गेल्यावर तो म्हणाला होता, “चल की माझ्याकडं.” ते त्याने मनापासूनच म्हटले होते, पण एकदाच म्हटले होते. त्याच्या मुलीच्या, ब्राह्मीच्या, लग्नाचा अल्बम भरतेशच्याच लॅबमध्ये झाला. शेवटच्या पानावर अक्कांनी आईला उभे केले. मोतिया रंगाचे पातळ, कपाळाला कुंकू, डोळ्यांत टिंब. फोटो निघाला तेव्हा अक्का स्वतः फोटोग्राफरच्या शेजारी उभ्या राहून उजेड बघत होत्या. त्यामुळे त्या फोटोत गेलेली आजी आहे आणि हयात असलेली आत्या नाही. स्वतःला त्यात उभे करणे त्यांना एका दुपारचे काम होते. पण आपणच आपल्याला तिथे आणून ठेवणे त्यांना लाजिरवाणे वाटले, आणि दुसऱ्या कुणी तसे सुचवले नाही.

अक्का दिवस मावळायच्या आत जेवतात. लहानपणापासूनचा नेम. आई होती तोवर त्या नेमाला सोबत होती. आता एका ताटाची भांडी घासून झाली, तरी बाहेर उजेड शिल्लक असतो आणि पुढे लांबच लांब संध्याकाळ पसरलेली असते. भिंतीवरची आईही त्यांच्याकडे बघत नाही. ती डावीकडे, जरा वर, नसलेल्या खिडकीकडे बघते. अक्कांनीच तिला तसे बघायला लावले आहे.

कुणाल लॅबमध्ये आला तो गणपती उठल्यानंतरच्या एका सकाळी. तो कुपवाडच्याच एका कारखान्यात लेथवर होता. गाव आटपाडीच्या बाजूचे. आठवड्याची सुटी लागली की मोटारसायकल काढून तो गावी आईकडे जाई आणि जुना घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून माळावर हिंडे. पाकोळ्या, सरडे, चंडोल असले त्याचे फोटो अक्कांनी पूर्वी छापले होते. त्या दिवशी तो पाळीवर जायच्या घाईत होता. त्याने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“अक्का, एकच फोटू हाय. मोठा काढायचाय, प्रदर्शनाला. ह्याला हात लावू नका हां. हाय तसाच काढा.”

“न्हाई लावत. कशाचा हाय?”

“बघा की तुमी.” तो हसला आणि गेला.

अक्कांनी पाहिला म्हणजे काय, तर त्या दिवशी त्यांच्यापुढून गेलेल्या शेकडो चेहऱ्यांत तोही गेला. आखूड गवताचा माळ, मध्यभागी एक थोराड पांढुरका पक्षी, डोक्यावर काळी टोपी, गळ्याखाली फुगून लोंबणारी पिशवी. एकच तर फोटो, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे आधी वेगळी प्रत काढून ठेवली नाही. पेन ड्राइव्हवरचाच उघडला, रंग तपासला, छपाईला सोडला. मशिनमधून येताना बघितला, सुंदर आला होता. संध्याकाळी कुणाल येऊन फोटो घेऊन गेला. पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणातच राहिला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या एका निसर्गमंडळाचे प्रदर्शन भरले. मंडळाचे जयराज सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या लग्नाच्या अल्बमात त्यांच्या वडिलांना अक्कांनीच उभे केलेले होते. त्यांचा फोन आला, तेव्हा तसलेच एखादे काम असेल असे अक्कांना वाटले.

“ताई, एक फोटो बघायचा आहे. तुमच्या नजरेखालून जायला हवा. येऊ शकाल का?”

सभागृहात अजून फोटो लावणे चालू होते. जयराजांनी आतल्या खोलीत टेबलावर एक मोठा फोटो पसरला आणि खिडकीचा पडदा बाजूला केला.

“हा माळढोक. त्या भागात कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नाही. आमची दोन माणसं जाऊन आली, त्यांना काही दिसलं नाही. मुलगा म्हणतो, श्रावणात दिसला. आता मोबाईलला नुसतं सांगितलं तरी तो वाघाला हत्तीवर बसवून देतो, त्यामुळे कुणाच्या शब्दावर जाणार? मूळ फाइल मागितली, तर म्हणतो शोधतो. आणि हे बघा. ऊन उजवीकडून आहे, सावली डावीकडे पडली आहे. मग डोळ्यातली चमक डावीकडे कशी?”

अक्का वाकल्या. तो पक्षी माळावर एकटा उभा होता. मान ताठ, शेपूट पाठीवर उलटी पसरलेली, पिशवी जवळजवळ जमिनीला टेकलेली. आजूबाजूला मैलोगणती काही नव्हते. आणि तो डावीकडे, जरा वर, खिडकीकडे बघत होता.

आटपाडीच्या माळावर खिडकी कुठली?

ते टिंब अक्कांचेच होते. हात कधी फिरला, ते त्यांना आठवत नव्हते. तेच अधिक भयंकर होते. डोळ्याच्या जागी सावली दिसली असेल, बोटे आपोआप गेली असतील, टिंब पडले असेल, अंगठ्याने सेव्ह दाबले असेल. श्वास घेतल्याचे तरी कुठे आठवते?

“खरा असेल तर वनखात्याला कळवायला हवं,” जयराज म्हणत होते. “खोटा असेल तर भिंतीवर नको. तुम्ही एवढंच सांगा, ह्यावर हात फिरलाय का?”

“फिरलाय,” अक्का म्हणाल्या.

“नक्की?”

“डोळ्यात. टिंब दिलंय.”

“आणखी कुठे?”

“तेवढंच दिसतंय.”

जयराजांनी सुस्कारा सोडला. “जो डोळ्याला हात लावतो, तो पक्षीही आणून ठेवू शकतो. वाईट वाटतं हो. मुलगा चांगला वाटला होता.”

त्या क्षणी एक वाक्य बोलायचे होते. ते अक्कांच्या जिभेवर आलेही. पण त्याच्याबरोबर भरतेशचा चेहरा आला. गेल्याच महिन्यात त्याने नवे सॉफ्टवेअर घेतले होते, ते मिटलेले डोळे आपणहून उघडत असे. ‘अक्का, आता तुमाला आराम,’ तो हसत म्हणाला होता, आणि त्या हसण्याने अक्कांचा जीव चरकला होता. गिऱ्हाइकाने बजावून सांगितलेल्या फोटोवर हात फिरवणारी बाई लॅबमध्ये कोण ठेवील? आणि लॅब गेली, तर त्यांना अक्का म्हणणारे कोण उरले?

“मी निघते, सर,” त्या म्हणाल्या. “दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं मला.”

जेवायला भरपूर वेळ होता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. ताट वाढले, झाकले आणि तशाच आईच्या फोटोखाली बसून राहिल्या.

कुणाल आला तेव्हा प्रदर्शन संपत आले होते. दुपारची वेळ होती, लॅबमध्ये भरतेश बाहेरच्या काउंटरवर होता. कुणाल नेहमीसारखा हसला नाही.

“अक्का, माझा पेन ड्राइव्ह हितं राहिला का वो? घरी सगळं उलथंपालथं केलं. न्हाई गावत.”

“हाय. खणात.”

“देवा! अक्का, तेवढाच आधार हाय बघा. कार्ड मोकळं केलं मी, नीलिमाच्या, आमच्या भनीच्या, साखरपुड्याला फोटू काढायचं होतं म्हणून. मोबाईलात कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा एक काढलाय आईला दावायला, पर त्यात पक्षी म्हंजे नुसता पांढरा डाग. त्या मंडळानं माझा फोटू बाजूला काढून ठेवला. डोळा खोटा हाय म्हनत्यात. कुनीतरी जाणकार बघून गेलं म्हनं. मी म्हटलं, ओरिजिनल दावतो, मग बोला.” तो खुर्ची ओढून बसला. “लावा जरा. बघूया आपुन.”

अक्कांनी पेन ड्राइव्ह लावला. फाइल उघडली. कुणालने स्क्रीनजवळ तोंड नेले, डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. स्क्रीनभर काळी सावली आणि तीत एक कडक कडेचे पांढरे टिंब.

“ह्यातबी हाय की,” तो पुटपुटला. “असं कसं? अक्का, ह्यातबी हाय.”

“मी दिलंय ते.”

कुणाल मागे वळला.

“माझ्या हातनं पडलं, कुणाल. सवयीनं. आन् त्याच्यावरच सेव्ह झालं. खालचं आता कायबी उरलं न्हाई.” त्या थांबल्या. “आन् ते जाणकार मानूस मीच. मला इचारलं हात फिरलाय का, मी फिरलाय म्हनाले. कुनाचा, ते न्हाई सांगितलं.”

बाहेर भरतेशचे बिल करणे थांबले होते. कुणालने माऊस घेऊन डोळा पुन्हा लहान केला. तो ओरडला असता, तर अक्कांना सोपे गेले असते.

“सकाळधरनं पोटावर पडून हुतो मी,” तो शेवटी म्हणाला. “आईनं दावला, लांबनं. शेरडं घिऊन ती तिकडंच थांबली. मुंग्या चावत हुत्या, पर हाललो न्हाई. तुमी एवढं जवळनं बघितला की त्येला. मग सांगा, टिंबाच्या आधी डोळ्यात काय हुतं?”

अक्कांनी आठवायचा प्रयत्न केला. गवत आठवले, पिशवी आठवली, काळी टोपी आठवली.

“मी बघितलंच न्हाई, बाळ,” त्या म्हणाल्या.

“टिंब काढता येत न्हाई?”

“येतं. काळं भरता येतं. पर तेबी माझंच काळं असंल. त्येचं न्हाई.”

भरतेश दारात येऊन उभा राहिला होता. तो वाईट माणूस नव्हता. अक्कांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात गाडी घेऊन दवाखान्यात आला होता. तो एवढेच म्हणाला, “अक्का, गिऱ्हाइकानं सांगितलं असताना? लॅबचं नाव जातंय हो असल्यानं.” दुसऱ्या दिवसापासून अक्का अल्बमांना पुठ्ठे चिकटवायच्या टेबलावर बसू लागल्या. टचिंग कॉम्प्युटर करू लागला.

त्याआधी मात्र, त्याच दुपारी, कुणालच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या सांगलीला गेल्या. जयराज सर खुर्च्या मोजून देत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. अक्कांनी बोलताना डोळे टिपायला एकदाही पदराला हात लावला नाही.

“तुमच्यावर माझा विश्वास आहे,” जयराज म्हणाले. “पण मी एकटा म्हणजे मंडळ नाही. त्या दिवशी तुम्ही एक सांगितलंत, आज दुसरं सांगता. लोक विचारतील, ताईंनी डोळ्याला हात लावला, तर आणखी कशाकशाला लावला?”

“कशालाच न्हाई, सर.”

“ते तुम्ही म्हणता.” त्यांना ते बोलणे जड जात होते. “आमच्या घरी वडिलांचा फोटो आहे ना, तुम्ही केलेला. तो खरा की खोटा, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. आई रोज त्याला फूल वाहते. पण इथं विचारावंच लागतं, ताई. इथं विचारलं नाही, तर उद्या खऱ्या पक्ष्यालाही कुणी विचारणार नाही.”

ते बरोबर होते, आणि अक्कांना ते कळत होते. ‘खोटा’ हा शब्द मागे घेऊ, असे जयराजांनी कबूल केले; ‘खात्री करता आली नाही’ असे लिहू. पुढच्या श्रावणात आपण स्वतः कुणालबरोबर माळावर जाऊ, असेही म्हणाले. त्यांनी कुणालच्या हातात गुंडाळी करून फोटो परत दिला.

पायऱ्या उतरताना कुणाल म्हणाला, “मंडळाचं राहू द्या, अक्का. त्यांचंबी खरं हाय. आईचं वाईट वाटतं. तिनं गावभर सांगितलं हुतं. आता पारावरची टाळकी तिला रोज इचारत्यात, ‘जाईबाय, पोरानं कोंबडा चिकटीवला व्हय गं?’ ती कुनाला काय बोलत न्हाई. पर आताशा शेरडं घिऊन पाराकडनं जात न्हाई, लांबच्या वाटंनं जाती.”

अक्कांनी मान डोलावली. पुढच्या सुटीला त्या त्याच्या गावी गेल्या.

एसटीच्या खिडकीतून ऊस संपत गेला, मग विहिरी संपल्या, मग झाडे विरळ झाली. कुणाल मोटारसायकलने पुढे गेला होता. फाट्यावर तो उभा होता. जाईबाई घरी नव्हत्या. त्याने अक्कांना पारासमोर आणले. तिथे चारपाच म्हातारे आणि काही रिकामी माणसे बसली होती. धोंडीबा नावाच्या एका गृहस्थाने लगेच आवाज टाकला, “का रं कुनाल, पाव्हण्या कोन? कोंबडा बघाय आल्या काय?”

अक्का आयुष्यात कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. त्या पाराजवळ जाऊन थांबल्या.

“मी कुपवाडास्नं आले. फोटू छापतो तितनं,” त्या म्हणाल्या. “कोंबडा कुनी चिकटीवला न्हाई. पक्षी खरा हाय. त्येचा डोळा तेवढा मी बिघडवला, चुकून. ह्येचा काय दोष न्हाई. आन् ह्येच्या आईचा तर न्हाईच.”

धोंडीबांनी तंबाखूची चिमूट बोटांतच धरून ठेवली.

“डोळा कसा बिघडवला म्हनं?”

“पांढरं टिंब दिलं.”

“का?”

“जित्ता दिसावा म्हनून.”

धोंडीबांनी इकडेतिकडे पाहिले, कुणी हसते आहे का ते बघितले. कुणी हसले नाही. “ऱ्हावा की मग,” ते काहीसे चिडून म्हणाले, “जित्ताच हुता की तो. आमच्या लहानपनी लय असायचं. हूम म्हनायचो आमी त्यास्नी.”

जाईबाई माळावर भेटल्या. हातात काठी, डोक्यावरून पदर, उन्हाने करपून चामड्यासारखा झालेला चेहरा. कुणालने काय झाले ते सांगितले आणि तो शेरडांमागे लांब गेला. अक्कांनी गुंडाळी उलगडून फोटो जाईबाईंपुढे धरला. वाऱ्याने तो फडफडू लागला. जाईबाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिल्यासारखे केले.

“मला कशाला फोटू?” त्या म्हणाल्या. “मी बघितलाय की त्येला.”

“लोक तुमाला बोलली.”

“बोलंनात का. पोरगं खोटं पडलं, त्येचं लागलं हुतं मनाला. आता तुमी आलासा, झालं.” त्यांनी बूड टेकले आणि जमिनीवर हात थोपटला. “बसा की. उनाचं आलायसा.”

दोघी बसल्या. समोर काही नव्हते. पिवळे पडू लागलेले गवत, मधूनच एखादी बाभूळ, आणि जमीन जिथे संपते तिथपर्यंत आभाळ. अक्कांना इतके आभाळ एका वेळी बघायची सवय नव्हती. त्या डोळे बारीक करून शोधत राहिल्या.

“आता न्हाई दिसायचा,” जाईबाई म्हणाल्या. “गेला कुटं तरी. श्रावनात हुता, थितं, त्या खडकाच्या अंगाला. रोज यायचा. गळा फुगवायचा आन् हूम करायचा. लांबवर ऐकू यायचं बघा. मग थांबायचा, मान वर काडून बघायचा. कुनी यायचं न्हाई. परत फुगवायचा.”

“जोडीदारीण नव्हती?”

“दिसली न्हाई कदी. एकलाच.”

“मग कुणाला बोलवायचा?”

जाईबाईंनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. “आसंल कुनी, म्हनून,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, जणू आत्ताच सुचल्यासारखे, त्यांनी विचारले, “तुमच्या घरी कोन कोन आसतंय?”

“कुनी न्हाई. मीच.”

“आगं बया.” जाईबाई म्हणाल्या. त्यांनी सांत्वन केले नाही, पुढचे काही विचारले नाही. कमरेची चंची सोडून सुपारीचा तुकडा पुढे केला. अक्कांनी घेतला. ऊन कलू लागले होते. घरी असत्या तर याच वेळी त्यांनी चूल पेटवायला घेतली असती. आज निघायला उशीर होणार, जेवण चुकणार, हे त्यांच्या लक्षात आले, आणि तरी त्या उठल्या नाहीत.

शेरडे कुठे गेली ते बघायला जाईबाईंनी मान वळवली आणि कलते ऊन त्यांच्या तोंडावर आले. अक्कांची नजर सवयीने डोळ्याकडे गेली. तिथे टिंब नव्हते. म्हाताऱ्या, जरा गढूळ झालेल्या बुबुळावर आडवी पसरलेली एक उजळ पट्टी होती, तिच्याखाली काळसर जमीन होती, एका अंगाला बाभळीची रेघ होती. सगळा माळ त्या डोळ्यात मावला होता. आणि अगदी मध्यभागी, गवतात बसलेले, एक लहानसे अंधुक माणूस दिसत होते. हे कोण, असा प्रश्न अक्कांना क्षणभर पडला. मग त्यांनी पदर सावरला, आणि त्या डोळ्यातल्या माणसानेही सावरला.

“काय बघतायसा?” जाईबाईंनी विचारले. “कुसळ गेलं का काय माझ्या डोळ्यात?”

“न्हाई,” अक्का म्हणाल्या. “जरा तशाच बसा. हालू नका.”